वराडपांड्यांचा हलवा पहिल्या पानावर

श्रीधर वराडपांडे कोराडीच्या वीज केंद्रातून आस्थापना शाखेचे मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात जो उठला त्याने त्यांना कार्यालयाचा कणा म्हटलं. दुसऱ्या दिवशी कार्यालय त्या कण्यावाचून वेळेवर उघडलं आणि आठवड्याभरात तर काम जरा भरभर चालायला लागलं. ही बातमी श्रीधररावांपर्यंत कोणी पोचू दिली नाही. एवढी माणुसकी सहकाऱ्यांत होती.

कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते आणि यमुताई बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगी वेदिका लग्न करून पुण्याला. यमुताईंना घर लावायचं होतं, शेजारणी जोडायच्या होत्या. श्रीधररावांना करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी सोसायटीला शिस्त लावायला घेतली. लिफ्टच्या वापराबाबत परिपत्रक काढलं. चौकीदाराकडून मांजरीच्या येण्याजाण्याबद्दल लेखी खुलासा मागवला. शेवटी सोसायटीने त्यांना सन्मानाने सल्लागार नेमलं, म्हणजे बैठकीला बोलावणं बंद केलं.

मग त्यांची नजर बायकोकडे वळली. आधी स्वयंपाकघरातल्या डाळीच्या डब्यांना नंबर पडले.

यमुताई हलव्याचे दागिने करायच्या. कोराडीच्या क्वार्टरमध्ये असल्यापासून करायच्या, खिडक्या घट्ट लावून, कारण बाहेरून राखेचा एक कण आत आला तरी पांढऱ्या हलव्यावर डाग पडे. परातीत तीळ नाहीतर साबुदाणे घ्यायचे, मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं. थंडी चांगली पडली असेल तर दाण्याला काटा फुटतो. मग त्या काटेरी दाण्यांचे हार, तोडे, बाजूबंद, बाळासाठी मुकुट आणि बासरी, जावयासाठी घड्याळसुद्धा. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला घालायचे. नवऱ्याने हे सगळं इतकी वर्षं पाहिलं होतं, पण घरात मुंग्या का होतात यापलीकडे त्यावर विचार केला नव्हता.

"यमू, तुझ्या या उपक्रमाला प्रशासन नाही," एका दुपारी ते म्हणाले.

"मुंग्या आहेत नं, बस झालं," यमुताई म्हणाल्या आणि परात हलवत राहिल्या.

श्रीधररावांनी याला संमती समजून वेबसाइट काढली.

वेबसाइट काढून दिली ऋषीने. ऋषी त्याच सोसायटीत तिसऱ्या माळ्यावर राहायचा. इंजिनिअर होता; नागपुरात तरुण मुलगा इंजिनिअर नसेल तर लोक तब्येतीची चौकशी करतात. काही दिवस मिहानमधल्या एका कंपनीत होता, मग म्हणे स्वतःच्या विकासासाठी ती सोडली. त्याच्या कार्डावर 'डिजिटल ग्रोथ पार्टनर' असं छापलेलं होतं आणि कार्यालयाच्या पत्त्याच्या जागी त्याच्या बेडरूमचा फ्लॅट नंबर होता.

वेबसाइट देखणी झाली. उघडली की प्रथम श्रीधररावांचा कोट घातलेला फोटो येई, मग त्यांचा सेवाकाळ, मग त्यांचे विचार. दागिने बघायला बरंच खाली जावं लागे. मागणीचा अर्जही श्रीधररावांनी स्वतः तयार केला. त्यात अर्जदाराचं नाव, पदनाम आणि कार्यालयीन शिक्क्याची जागा होती. काय हवं आहे ते लिहायला 'तपशील' नावाची एक अरुंद ओळ होती.

पहिल्या महिन्यात कोणी आलं नाही. दुसऱ्यात वेदिका आली, तीही बाबा वाईट वाटून घेतील म्हणून. श्रीधरराव रोज सकाळी चष्मा पुसून 'हलव्याचे दागिने नागपूर' असं शोधायचे. पुण्याच्या बाया दिसायच्या, मुंबईचं एक दुकान दिसायचं, कोणी केलेला व्हिडिओ दिसायचा. बरीच पानं उलटल्यावर, जिथे गूगलसुद्धा सहसा जात नसावं, तिथे त्यांचा कोट दिसायचा.

याचा त्यांना राग आला तो व्यापारी म्हणून नव्हे, लिपिक म्हणून. त्यांच्या दृष्टीने ती ज्येष्ठता यादी होती, आणि यादीत उघड उघड अन्याय झाला होता.

"यमूची सेवा तीस वर्षांवर," ते ऋषीला म्हणाले, "आणि परवा सुरू झालेलं दुकान तिच्या वर! कोणत्या निकषावर? नागपूर मंडळाचा गूगलचा अधिकारी कोण आहे? मी अभिवेदन देतो."

"काका, तिथे अर्ज नाही चालत," ऋषी म्हणाला. "तुमची साइट गूगलले समजूनच नाही राहिली. त्याले सांगावं लागते की आपण कोण आहो, कोठी आहो, काय विकतो. त्यालेच एसईओ म्हणतात."

"म्हणजे आपली फाइल वरती जावी म्हणून..."

"तसंच समजा."

"एवढंच नं? मग सरळ सांगायचं." श्रीधररावांना आयुष्यात प्रथमच संगणकाबद्दल आत्मीयता वाटली.

ऋषीने लॅपटॉपवर आलेख काढला. 'हलव्याचे दागिने' हे शब्द लोक संक्रांतीच्या आगेमागे शोधत होते. मग त्याची रेघ जमिनीवर झोपायची ती थेट पुढच्या हिवाळ्यात उठायची. त्याच्या शेजारी नुसत्या 'हलवा' या शब्दाची रेघ होती. ती बारा महिने छाती काढून उभी होती.

"दागिने सोडा काका. आपण हलवा पकडू," ऋषी म्हणाला.

मोठा आकडा दिसला की त्याखाली सही करायची, ही श्रीधररावांची जुनी सवय. त्यांनी मान डोलावली. स्वयंपाकघरातून यमुताई म्हणाल्या, "अहो, हलवा म्हटलं की लोकं खायाले नाही येतील तर काय ल्यायाले येतील?"

"हा तांत्रिक विषय आहे," श्रीधरराव म्हणाले.

मग काम जोरात सुरू झालं. ऋषीने सांगितलं की पानावर मजकूर भरपूर पाहिजे आणि महत्त्वाचा शब्द पुन्हापुन्हा आला पाहिजे. एकच गोष्ट पुन्हापुन्हा लिहिण्याचा श्रीधररावांचा अनुभव दांडगा होता. 'हलवा: एक चिंतन' हा त्यांचा लेख असा सुरू झाला: 'नागपूर येथे उत्तम हलवा हवा असल्यास नागपूर येथील बेसा परिसरातील हलवा हाच नागपूरमधील उत्तम हलवा होय, ही बाब हलवाप्रेमी नागपूरकरांच्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.' यमुताईंनी तो वाचला आणि विचारलं, "यात माझा हार कोठी आहे?" हार चौथ्या परिच्छेदात होता. कंसात.

मग अभिप्राय. पाच तारेवाले अभिप्राय असले की गूगलला विश्वास वाटतो, असं ऋषी म्हणाला. श्रीधररावांनी कोराडीच्या जुन्या सहकाऱ्यांना विनंती केली. त्या मंडळींना अशा प्रसंगी एकच भाषा येत होती. एकाने लिहिलं, 'वराडपांडे साहेब अत्यंत वक्तशीर. त्यांचे पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो.' दुसऱ्याने लिहिलं, 'हलवा अद्याप पाहण्यात आला नाही, तथापि गृहस्थ सज्जन आहेत.' बळीराम नावाच्या त्यांच्या शिपायाने, जो साहेबांशी आयुष्यभर खरं बोलत आला होता, चारच तारे दिले आणि कारण लिहिलं नाही. श्रीधररावांनी त्याला फोन करून कारण विचारलं. तो म्हणाला, "साहेब, एक तारा मी माझ्यासाठी ठेवला."

आणि आश्चर्य म्हणजे हे सगळं चाललं. डिसेंबर सरता सरता 'नागपूर बेस्ट हलवा' असं शोधलं की पहिल्या पानावर, मोठमोठ्या मिठाईवाल्यांच्या पंगतीत, कोट घातलेले श्रीधर वराडपांडे दिसू लागले. त्यांनी त्या पानाचा प्रिंट काढून देव्हाऱ्याशेजारी लावला. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात देवांपेक्षा तेच जास्त चमकत.

फोन वाजायला लागले. पहिला फोन आला तेव्हा श्रीधरराव उठून उभे राहिले.

"भैया, गाजर का है या मूंग दाल का?"

"तिळाचा," श्रीधरराव म्हणाले. "साबुदाण्याचाही उपलब्ध आहे."

पलीकडच्या माणसाने थोडा विचार केला आणि फोन ठेवला. श्रीधररावांनी ऋषीला कळवलं की चौकशा येत आहेत, आणि ऋषीने त्या चौकशांचा आलेख काढून स्वतःच्या वेबसाइटवर लावला.

जानेवारीत ती मोठी मागणी आली. नाव हिमानी, पदनामाच्या जागी मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीचं पद, आणि तपशिलाच्या अरुंद ओळीत तिला मावलं तेवढं: 'हलवा, सौ लोगों के लिए, रविवार दोपहर.' श्रीधरराव कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले. शंभर माणसांचे दागिने! एखाद्या महिला मंडळाचं सामुदायिक बोरन्हाण असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. फोन करून विचारता आलं असतं, पण लेखी आलेल्या विषयावर तोंडी बोलायचं नाही, हा त्यांचा नोकरीभर पाळलेला दंडक होता. त्यांनी ईमेल धाडली: 'आपली मागणी तत्त्वतः मान्य करण्यात येत असून साठ्याच्या उपलब्धतेनुसार पुरवठा करण्यात येईल.' यमुताईंना सांगायचं नाही, एकदम चकित करायचं, असं ठरवलं. साठा होताच. आतल्या खोलीतल्या कपाटात गुलाबी कागदात बांधलेले खोके एकावर एक रचलेले त्यांनी स्वतः पाहिले होते.

रविवारी दुपारी यमुताई भाजी आणायला खाली गेल्या होत्या तेव्हा हिमानी आली. सोबत तिची आत्या, आणि दोघींच्या हातात झाकणाचे मोठाले स्टीलचे डबे. श्रीधररावांनी कोट घातला होता.

"नमस्ते अंकल. हलवा रेडी है?"

"तयार आहे. बसा." डब्यांकडे बघून त्यांना जरा नवल वाटलं, पण ग्राहकाच्या वेष्टनाच्या पसंतीत आपण पडू नये म्हणून ते गप्प राहिले. कपाटातले खोके त्यांनी टेबलावर मांडले आणि पहिला स्वतःच्या हाताने उघडला.

हिमानीने आत पाहिलं. "ये क्या है?"

"मुकुट."

"और हलवा?"

"हाच."

हिमानीने दुसरा खोका उघडला. त्यात बासरी होती. तिसऱ्यात हार. ती एकदा हाराकडे आणि एकदा देव्हाऱ्याशेजारच्या प्रिंटकडे पाहत राहिली. आत्याबाई सकाळपासून उपाशी असाव्यात. त्यांनी एक बाजूबंद उचलला, उलटासुलटा केला आणि कडेने चावला.

"मीठा तो है," त्या म्हणाल्या. "पर भाई साब की बत्तीसी नहीं बचेगी."

"अंकल, आज पापा का साठवाँ जन्मदिन है. सौ लोग खाने पे आ रहे हैं. गाजर का हलवा चाहिए. घी वाला. खाने का."

श्रीधररावांनी अर्जाची प्रत काढली, चष्मा लावून वाचली आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या अर्जात 'खाण्याचा' असा उल्लेख नाही."

नेमक्या त्याच वेळी यमुताई मेथीची जुडी घेऊन दारात आल्या. टेबलावर उघडलेले खोके, स्टीलचे डबे, आत्याबाईंच्या हातातला दात लागलेला बाजूबंद. सगळा प्रकार समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्या मेथीसकट खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग हाराचा खोका त्यांना नीट दिसला. हसू थांबलं.

"अहो, हा तर पाठकांच्या सुनेचा हार आहे! अन् ही बासरी खालच्या नूपुरच्या बाळाची! तुम्ही दुसऱ्यांच्या वस्तू यांले देऊन राहिले होते काय?"

"मला तो साठा वाटला," श्रीधरराव म्हणाले.

"साठा! काहून वाटला? मले विचारलं काय?"

"मागणी वाढावी म्हणूनच तर मी हे सगळं..."

"मागणी वाढवून ठेवता कोठी?" यमुताई म्हणाल्या. "दिवाळीपासून मी बायांले नाही म्हणून राहिली. बोटं आहेत माझी, कारखाना नाही. पुढच्या वर्षीसाठीसुद्धा नावं सांगून गेल्या बाया. तुमच्या त्या गूगलच्या आधीपासून!"

श्रीधरराव कोटाचं बटण चाचपत उभे राहिले. कोणताही प्रस्ताव वर पाठवण्याआधी संबंधित शाखेचा अभिप्राय घ्यावा, हे त्यांनी किती कनिष्ठांना शिकवलं असेल, त्याची गणती नव्हती. संबंधित शाखा इतके महिने दोन हातांच्या अंतरावर परात घेऊन बसली होती.

हिमानी रडायच्या बेतात होती. यमुताईंनी तिला पाणी दिलं आणि फोन उचलला. बेसा चौकात गोलूचं मिठाईचं दुकान होतं. गोलू पन्नाशी उलटलेला, दारातून आडवा शिरणारा माणूस, पण नाव गोलूच राहिलं होतं. हिवाळाभर त्याच्या दुकानापुढे कढईत गाजर हलवा रटरटत असायचा.

"गोलू, माझ्या माहेरचं काम समज," यमुताई म्हणाल्या. "कढईत आहे तेवढा भर, अन् दुसरी चढव."

श्रीधररावांनी डबे स्वतः खाली नेले. कोट काढून. जेवणाला जरा उशीर झाला, पण हलवा पोचला. निघताना आत्याबाई हाराजवळ रेंगाळल्या. नातू झाला होता म्हणे. "हमारे में ये होता नहीं, पर करने में क्या है," असं म्हणून त्यांनी मुकुटाची किंमत विचारली. यमुताईंनी त्यांना पुढच्या वर्षीच्या बायांत बसवलं, आणि चावलेला बाजूबंद बांधून दिला. तसाही तो आता त्यांचाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी हिमानीचा अभिप्राय आला. दोन तारे. 'हलवा कहीं और से लेना पड़ा. आंटी बहुत अच्छी हैं. अंकल को छुट्टी चाहिए.'

श्रीधररावांच्या नोकरीत गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा कधी पडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. यमुताईंनी वाढलेलं पुन्हा झाकून ठेवलं. दुपारी ते उठले आणि जनतेची दिशाभूल होऊ नये म्हणून वेबसाइटच्या अगदी वर, स्वतःच्या फोटोच्याही वर, एक जाहीर खुलासा लावला: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की येथे खाण्याचा हलवा मिळत नाही. गाजर हलवा, दुधी हलवा, मूग डाळ हलवा, बदाम हलवा, शुद्ध तुपातला हलवा यांपैकी कोणताही हलवा नागपुरात बेसा येथे आमच्याकडे मिळत नाही.'

गूगलला 'नाही' हा शब्द फारसा कळत नसावा. आठवड्याभरात वराडपांडे गाजर हलव्यात वर सरकले, दुधीत त्याहून वर, आणि मूग डाळ हलव्यात थेट पहिले आले. श्रीधररावांनी खुलासा आणखी स्पष्ट केला. अंजीर हलवाही मिळत नसल्याचं नमूद केलं. तसे अंजीरवालेही यायला लागले. ऋषी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला. "काका, लोकं यासाठी वर्षं घालवतात," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं नाही म्हणून करून दाखवलं!"

फोन आता दिवसभर वाजत होता. सुरुवातीला श्रीधरराव प्रत्येकाला समजावून सांगत की हा हलवा अंगावर घालायचा असतो, आणि पलीकडून लोक काळजीच्या सुरात फोन ठेवत. मग त्यांनी पद्धत बसवली. आधी नाव विचारायचं, मग विषय, मग गोलूच्या दुकानाचा पत्ता द्यायचा, आणि संध्याकाळी गोलूला विचारायचं की प्रकरण निकाली निघालं का. गोलूने आधी हात जोडले, मग विक्री पाहिली आणि हात सोडले. कोणाच्या घरी किती माणसं, तर किती हलवा लागेल, डायबिटीसवाल्यांसाठी काय, याचे अंदाज श्रीधरराव पटापट सांगू लागले. परगावचे लोक त्यांना 'सर' म्हणायचे. एका बाईंनी तर मुलाचं लग्न जमत नाही म्हणून अर्धा तास बोलून घेतलं. त्यांनीही शेवटपर्यंत ऐकलं.

रथसप्तमी झाल्यावर यमुताईंचे हात मोकळे झाले, तेव्हा त्यांनी ऋषीला वर बोलावलं. ही वेबसाइट एकतर नीट कर नाहीतर बंद कर, असं सांगायचं त्यांच्या मनात होतं. ऋषी लॅपटॉप उघडून बसला.

"काकू, दोन मिनिटांचं काम आहे. 'हलवा' काढतो, 'हलव्याचे दागिने' टाकतो. खुलासा उडवला की सगळं ट्रॅफिक बंद. चुकीचं येऊन राहिलं होतं तसंही."

बाल्कनीत श्रीधरराव फोनवर होते. "हलवा मासा? नाही ताई, तो वेगळा विषय झाला. तळायचा आहे की कालवणाचा? थांबा, अशी घाई करू नका." एका हाताने ते कुंडीच्या कडेवर टिचक्या मारत होते आणि पाठ ताठ होती. निवृत्तीनंतर यमुताईंनी ती पाठ अशी पाहिली नव्हती.

"काकू, उडवू?" ऋषीने विचारलं.

"राहू दे," यमुताई म्हणाल्या. "चहा घेशील?"

"पण याचा तुम्हाले फायदा काय?"

"सकाळपासून कोणी माझ्या डाळीच्या डब्यांले नंबर देऊन नाही राहिलं," यमुताई म्हणाल्या आणि आधण ठेवायला उठल्या.

बाल्कनीतून श्रीधरराव आत डोकावले. फोनवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "यमू, दुधी हलव्यात खवा घालतात का गं?"

"घालतात."

त्यांनी हात काढला आणि घसा साफ केला. "संबंधित शाखेकडून खात्री करून घेतली. घालतात. लेखी हवं असल्यास ईमेल करा."